‘चालायचंच!’ न म्हणणारी रजनी

भिंतीवर हार घातलेला फोटो आणि त्या फोटोतूनच नवऱ्याला टोमणे मारणारी बायको! ‘हम पांच’चे असे तुकडे मोबाइलवर कधी ना कधी तुमच्यासमोर आले असतील. १९९५ मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेली ही मालिका. अशोक सराफ यांचा आनंद माथुर, त्याच्या पाच मुली, दुसरी बायको आणि फ्रेममधून गप्प न बसणारी दिवंगत पहिली बायको. ती फ्रेममधली बाई म्हणजे प्रिया तेंडुलकर. घरी आई-बाबांना हा चेहरा दाखवून बघा. ते कदाचित दुसरंच नाव घेतील. रजनी!

प्रियाचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. वडील विजय तेंडुलकर, म्हणजे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ लिहिणारे नाटककार. एवढं मोठं आडनाव असलं की ओळख लवकर होते, पण तुलनाही सुटत नाही. प्रियाने त्या आडनावाच्या सावलीत बसून वाट पाहिली नाही. तिचा बायोडेटा बघितला तर आजचा करिअर काउन्सेलर डोक्याला हात लावेल. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट, मग हवाई सुंदरी, मॉडेलिंग, बातम्या वाचणं... धड एका ठिकाणी थांबणं नाही.

सिनेमाही मधूनमधून चालू होता. १९७४ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये ती तरुण जमीनदाराची बायको झाली. त्या सिनेमाने शबाना आझमी घराघरांत पोहोचली. प्रियाची भूमिका मात्र लहान होती. पुढे ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’ असे मराठी चित्रपट आले. चेहरा ओळखीचा झाला, पण हिच्या नावावर तिकीट खपेल अशी परिस्थिती नव्हती. वय तिशीला टेकलेलं. आपल्याकडे या वयात पोरगी ‘सेटल’ झाली नाही तर नातेवाईक काय बोलतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘रजनी’ आली. दिग्दर्शक बासू चटर्जी. तेव्हा चॅनल एकच. एका घरात टीव्ही आणि समोर अख्खी गल्ली, असा तो काळ. रजनी म्हणजे साधी मध्यमवर्गीय गृहिणी. अंगावर साडी, घरात नवरा, लेकरू. तिच्याकडे ना पैसा, ना वशिला. फक्त एक खोड. चुकीचं काही दिसलं की ही विचारणार. गॅस सिलिंडरवाला छळतोय? विचारणार. टॅक्सीवाला भाडं नाकारतोय? विचारणार. उत्तर मिळालं नाही तर वरच्या साहेबापर्यंत जाणार. हिंदी सिनेमात तेव्हा अमिताभचा अँग्री यंग मॅन ठोसे मारून न्याय मिळवत होता. रजनी तोच न्याय तक्रारीच्या कागदावर मागत होती. टॅक्सीवाल्यांना तर तो एपिसोड इतका झोंबला की मुंबईत त्यांनी निषेध केला. टीव्हीतली बाई खरीखुरी टोचते म्हटल्यावर ती खोटी कशी राहणार?

पण याची किंमतही होती. लोकांसाठी प्रिया उरलीच नाही, उरली ती रजनी. मालिकेत अर्ध्या तासात प्रश्न सुटायचा. खऱ्या आयुष्याला असा लेखक नसतो. १९८८ मध्ये तिने अभिनेता-लेखक करण राझदानशी लग्न केलं. सात वर्षांनी ते दोघे वेगळे झाले. एका भूमिकेत अडकलेले कलाकार बहुतेक वेळा त्या भूमिकेवर चिडतात. प्रियाने ती शिदोरीसारखी वापरली. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा ती स्वतःच्या नावाचा टॉक शो घेऊन समोर आली. आता प्रश्न पटकथेतले नव्हते, तिचे स्वतःचे होते. मधल्या काळात ‘त्रिमूर्ती’मध्ये शाहरुखची आईसुद्धा झाली.

आणि ती लिहीत होती. तेंडुलकरांच्या घरात लेखणी हातात घ्यायला धाडसच लागत असणार. तिचे ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘जावे तिच्या वंशा’ हे कथासंग्रह आले. ‘पंचतारांकित’ या नावाचंही तिचं पुस्तक आहे. ज्या नोकऱ्या बायोडेटात भटकंती वाटतात, त्याच लिहिणाऱ्या माणसाचं भांडवल असतात. कॉलेजच्या लायब्ररीत यातलं एखादं सापडलं तर सोडू नका.

पुढे कॅन्सर झाला आणि १९ सप्टेंबर २००२ ला हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. वय अवघं ४७. वडील त्यानंतर जवळपास सहा वर्षं होते. लेकीचं जाणं त्यांना बघावं लागलं.

‘रजनी’ आली तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा नव्हता. तो आला डिसेंबर १९८६ मध्ये. मालिकेमुळे कायदा झाला, असं म्हणणं फारच झालं. पण तक्रार करणं म्हणजे भांडकुदळपणा नाही, हे तिने आधीच घरोघरी सांगून ठेवलं होतं. आज परभणीतही जिल्हा ग्राहक आयोग आहे. सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. सगळी सोय आहे. तरीही मोबाइल दुकानदार पावती देत नाही, क्लासवाला भरलेली फी परत करत नाही, आणि आपण म्हणतो, जाऊ दे ना, चालायचंच!

प्रिया तेंडुलकरने पडद्यावर नेमका हाच शब्द खोडून काढला होता. तेव्हा तिच्या हातात कायदा नव्हता. आपल्या हातात आहे.