खांसाहेब अब्दुल करीम खां : कैरान्याहून मिरजेस

परमुलखी जाऊन संसार थाटणे म्हणजे काय, हे विटा, खानापूर व आटपाडी ह्या बाजूच्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. तिकडील गलाईवाले सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन तामिळनाडूत व केरळात गेले, उत्तरेकडेही गेले. तेथील भाषा ते शिकले, मुले तेथील शाळांत घातली, आणि गावच्या यात्रेस मात्र ते परत येतात. आपला माणूस परक्या ठिकाणी कसा रुजला, हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. परंतु एखादा परका मनुष्य आपल्याकडे येऊन रुजला, तर त्याने काय आणले, काय राखले आणि काय गमावले, ह्याची विचारपूस आपल्या हातून क्वचितच होते. म्हणून ह्या खेपेस आम्ही मिरजेत राहून गेलेल्या अशा एका गृहस्थांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

अब्दुल करीम खां ह्यांचा जन्म १८७२ साली कैराना ह्या गावी झाला. हे गाव यमुनेच्या बाजूस, त्या वेळच्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात होते. आता ते उत्तर प्रदेशातील शामली जिल्ह्यात मोडते. घराणे गवयांचे असल्यामुळे वडील काले खां व चुलते हेच त्यांचे गुरू झाले. ह्याच गावाच्या नावावरून त्यांच्या गायकीस किराणा घराणे म्हणतात. आमच्या खेड्यांतील पुष्कळांस किराणा म्हटले की वाण्याचे दुकान आठवते. ते साहजिकच आहे, परंतु ह्या नावाचा त्या दुकानाशी काही संबंध नाही. सोडून आलेले गाव मनुष्याच्या मागे कोणत्या रूपाने येईल हे सांगता येत नाही. ह्यांच्या मागे ते गाण्याचे नाव होऊन आले.

तरुणपणी बंधू अब्दुल हक ह्यांच्यासह ते बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी गवई म्हणून राहिले. तेथे सरदार मारुतीराव माने ह्यांची कन्या ताराबाई हिच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभयतांनी बडोदे सोडून मुंबईचा रस्ता धरला. मराठा सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई! दरबारची नोकरी व आश्रय ही दोन्ही गेली. खांसाहेबांचा पहिला विवाह त्यांच्याच नात्यातील गफूरन नावाच्या स्त्रीशी झाला होता, आणि ती मागे राहिली. चरित्र लिहिणाऱ्याने ही गोष्ट झाकून ठेवू नये असे आम्हांस वाटते. कारण मनुष्य घर सोडून निघतो तेव्हा त्याच्या निघण्याची किंमत पुष्कळदा मागे राहिलेल्यांस द्यावी लागते.

ह्यानंतर त्यांचे बिऱ्हाड मिरजेस आले. हे गाव त्यांस का मानवले असावे? एक तर मिरज हे आगगाडीचे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, हुबळी ह्या सर्व दिशांस तेथून जाता येई, आणि गवयाचे पोट तर प्रवासावरच चालते. दुसरे असे की, तेथे गाण्याची कदर होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांनी उत्तरेत जाऊन मिळविलेली विद्या ह्या भागात आणली होती, व त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच शिकले. ह्याच पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. मिरजेत शिकलेला मराठी गवई पंजाबात शाळा काढतो आणि कैरान्याचा गवई मिरजेत घर करतो, हे सुमारे एकाच काळात घडत होते. तिसरे म्हणजे, मिरजेचे शिकलगार शस्त्रे घडविणे सोडून सतारी व तंबोरे करू लागले होते. खांसाहेबांस वाद्यांच्या दुरुस्तीचे चांगले ज्ञान असल्यामुळे ह्या कारागिरांच्या गावी त्यांचे मन रमले असल्यास नवल नाही.

मिरजेतील मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची मोठी भक्ती होती. प्लेगाच्या साथीत आजारी पडले असता त्यांनी दर्ग्यात जाऊन गाणे म्हटले व ते बरे झाले, अशी कथा मिरजेत सांगतात. तिच्या खरेखोटेपणाचा निर्णय आम्ही करीत नाही. मात्र बाहेरून आलेल्या मनुष्यास दुखण्यात जेथे आधार वाटला ते ठिकाण त्याचे स्वतःचे होते, एवढे तीवरून कळते. आमच्या वाचकांस हेही आठवेल की, त्याच गावी कॅनडातून आलेल्या डॉ. वान्लेस ह्यांचे मिशन इस्पितळ १८९४ पासून चालू होते. एकाच लहानशा संस्थानी गावाने दोन दूरदेशींच्या माणसांस जागा दिली.

आता त्यांनी येथे राहून काय केले ते पाहू. १९१३ साली त्यांनी पुण्यास संगीताची शाळा काढली व तिचे नाव आर्य संगीत विद्यालय असे ठेविले. मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेस दिलेले हे नाव वाचून कोणी हसेल, कोणी कुरकुर करील. आम्हांस त्यात असे दिसते की, ज्यांची मुले शिकावयास येणार त्या लोकांचा संकोच दूर व्हावा म्हणून खांसाहेब अर्ध्याहून अधिक वाट स्वतः चालून गेले. त्यांच्या शिष्यांत ब्राह्मणादी हिंदू मुले पुष्कळ होती. गवयांच्या घराण्यांत विद्या बाहेरच्यास सहसा देत नसत. त्यांनी ती दिली. कुंदगोळचे रामभाऊ, जे पुढे सवाई गंधर्व ह्या नावाने प्रसिद्ध झाले, ते त्यांचेच शिष्य. आणि गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी हे सवाई गंधर्वांचे. दुसरे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी ह्यांनी १९७२ साली गुरूचे विस्तृत चरित्र मराठीत प्रसिद्ध केले.

शिकविणाऱ्याने शिकणेही सोडले नाही. मराठी नाटकांची पदे त्या वेळी घरोघर गाइली जात. खांसाहेबांनी ती तुच्छ मानिली नाहीत. ‘मानापमान’ नाटकातील पद त्यांनी तबकडीवर गाइले आहे. म्हैसूरच्या दरबारी त्यांचे जाणे-येणे होते. तेथील कर्नाटकी गायकांची सरगम म्हणण्याची रीत त्यांनी आपल्या ख्यालात आणिली, आणि त्यागराजाची एक तेलुगू कृतीही ध्वनिमुद्रित केली. पण स्वर लावण्याची जी संथ, हळुवार तऱ्हा त्यांनी कैरान्याहून आणिली होती ती त्यांनी कोणासाठीही बदलली नाही. उंबरठा ओलांडताना काय बाहेर ठेवावे व काय हातात धरून आत न्यावे, हे त्यांस बरोबर कळले होते.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे त्या वेळी बावीस श्रुतींचा शोध करीत होते. त्यांचे त्या विषयावरील पुस्तक १९१० साली निघाले. साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स ह्या इंग्रज गृहस्थांसही ह्याच विषयाचा छंद होता, व १९१३ साली त्यांनीही हिंदी संगीतावर पुस्तक लिहिले. श्रुती नेमक्या कोठे लागतात हे ह्या दोघांस गळ्याने दाखविणारे खांसाहेब होत. सांगलीचा ब्राह्मण अधिकारी, साताऱ्याचा इंग्रज जज्ज आणि कैरान्याचा मुसलमान गवई एकाच स्वराकडे कान लावून बसले आहेत, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांचे श्रुतींचे सिद्धान्त सर्वांस मान्य झाले नाहीत, हा निराळा प्रश्न.

परंतु लोकांत रुजलेल्या ह्या माणसाचे घर मात्र टिकले नाही. १९२२ साली ताराबाई मुलांसह त्यांस सोडून गेल्या. ही मुले पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, कृष्णराव माने व सरस्वती राणे ह्या नावांनी महाराष्ट्रास ठाऊक झाली. थोरल्यास बाळपणी अब्दुल रहमान म्हणत आणि हिराबाईंस चंपाकली. १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या ह्या हिराबाईंनी मराठी रंगभूमीवर व जलशांत केवढा मान मिळविला हे सांगणे नको. १९७० साली त्यांस पद्मभूषण मिळाले. बापाची विद्या मुलांच्या गळ्यांत उतरली, नाव मात्र एकाच्याही पुढे राहिले नाही. मराठी नावाने मराठी श्रोत्यांपुढे उभे राहणे सोपे जाईल, असे आईस वाटले असेल. तिला दोष देण्यास आम्ही धजत नाही. बापाचे गाणे ज्या श्रोत्यांनी रात्ररात्र ऐकले, त्यांच्यापुढे बापाचे नाव घेऊन उभे राहण्यात मुलांस अडचण वाटावी, ह्याचा जाब खरे तर श्रोत्यांनी द्यावयाचा आहे.

पुढील पंधरा वर्षे खांसाहेबांची फिरती चालूच होती, पण बिऱ्हाड मिरजेस राहिले. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासेकडे गेले होते. तेथून पाँडिचेरीस जाताना गाडीत त्यांची प्रकृती बिघडली व ते वाटेत सिंगपेरुमाळकोइल ह्या लहान स्टेशनावर उतरले. तेथेच त्यांनी नमाज पढला, ईश्वराचे नाव दरबारी रागात आळविले आणि प्राण सोडला, असे सांगतात. ती २७ तारीख होती. ना कैराना, ना मिरज. भोवती तमिळ बोलणारी माणसे आणि फलाटावरची रात्र.

दफन मिरजेस झाले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाच्या दिवसांत दूरदूरचे गवई तेथे येऊन त्यांच्या स्मरणार्थ गातात. मिरजेस इस्पितळाच्या अगर मंडळीच्या कामासाठी जाणाऱ्या आमच्या वाचकांस तेथे जाऊन येण्यास फारसा वेळ लागणार नाही.