कथबर्ट ओटवे : अल्पायुषी हौशी खेळाडू

इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले कर्णधार कथबर्ट ओटवे यांचा जन्म १८५० साली डोव्हर येथे झाला. ईटनमधील शिक्षणानंतर फुटबॉल, क्रिकेट, रॅकेट्स, रिअल टेनिस आणि धावणे या पाचही प्रकारांत त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी स्कॉटलंडविरुद्धचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना त्यांच्या नेतृत्वाखाली गोलशून्य बरोबरीत सुटला. १८७४ मध्ये एफ. ए. चषक जिंकणाऱ्या ऑक्सफर्ड संघातही ते होते.

येथे ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ तुम्ही नीट लक्षात घ्या. खेळाचा मोबदला घेणे त्या काळी उच्चभ्रू वर्गात कमीपणाचे मानले जाई; चरितार्थासाठी वेगळा व्यवसाय लागे. म्हणूनच ओटवे १८७६ मध्ये बॅरिस्टर झाले. १८७७ मध्ये त्यांचा विवाह झाला. परंतु एप्रिल १८७८ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे सातच वर्षांनी, १८८५ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. ज्या कौशल्यावर ओटवे यांनी नाव मिळवले, त्यावर पोट भरण्याचा हक्क आता कष्टकऱ्यांच्या मुलांनाही मिळाला. हौशी खेळाच्या या परंपरेचे वैभव आणि तिची मर्यादा, दोन्ही तुम्हाला या छोट्या आयुष्यात दिसतील.