जमशेटजी टाटा आणि आपल्या चांद्याचे लोखंड



आपल्या भित्तिपत्रकात दर महिन्याला एका थोर व्यक्तीचे चरित्र लागते. या वेळी लिहिण्याची पाळी माझी आली. गुरुजींनी नाव दिले, जमशेटजी टाटा. मी जरा खट्टूच झालो. टाटा म्हणजे मुंबईचे मोठे शेठ. त्यांचा आपल्या जंगलातल्या शाळेशी संबंध तो काय? पण वाचू लागलो आणि मीच चाट पडलो. त्यांच्या चरित्रात आपला चांदा आहे, वरोऱ्याचा कोळसा आहे आणि लोहाऱ्याचे लोखंडही आहे!

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे पारशी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव नसरवानजी. ते मुंबईत व्यापार करीत. जमशेटजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. १८५९ साली, म्हणजे अवघ्या विसाव्या वर्षी, वडिलांनी त्यांना पेढीचे काम पाहायला समुद्रापार हाँगकाँगला पाठविले. त्या काळी हिंदुस्थानातून चीनला कापूस जाई आणि अफूही जाई. अफूचा धंदा आज आपल्याला पटणार नाही, पण तेव्हा तो उघडपणे चाले. परक्या मुलखात माल कसा पाठवायचा, पैसा कसा वसूल करायचा, हे जमशेटजी तिथे शिकले.

मग एक मोठे संकट आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि भाव धाडकन कोसळला. तेव्हा जमशेटजी लंडनमध्ये होते. त्यांच्या जवळच्या हुंड्यांना कवडीची किंमत उरली नाही. दुसरा कोणी असता तर पळून आला असता. ते पळाले नाहीत. घेणेकऱ्यांपुढे उभे राहून त्यांनी सगळा हिशेब उघडा करून दाखविला. लोकांचा विश्वास टिकला. मला वाटते, परदेशात धंदा करायचा तर पैशापेक्षा हीच पुंजी मोठी. कापूस पिकविणाऱ्या आमच्या बाबांना मी ही गोष्ट सांगितली. दूरच्या लढाईने इथला भाव वर-खाली होतो हे ऐकून ते नुसते हसले आणि म्हणाले, आजही तसेच आहे बापू.

पुढे जमशेटजींनी इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या पाहिल्या. परत येऊन गिरणी काढली ती मुंबईत नाही, आपल्या नागपूरला! लोकांना ते खुळेपण वाटले. पण त्यांचा हिशेब पक्का होता. कापूस विदर्भातच पिकतो, रेल्वे आलेली आहे आणि दगडी कोळसा वरोऱ्याला आहे. मग माल मुंबईला न्यायचा कशाला? १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. सुरुवातीची यंत्रे बरोबर निघाली नाहीत, तेव्हा त्यांनी ती बदलली. १८८६ साली त्यांनी कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. ही गिरणी शंभरावर वर्षे चालली. आता ती बंद आहे.

त्यांच्या सुताला जपानचे गिऱ्हाईक मिळाले. पण जहाजांचे भाडे भारी होते. म्हणून १८९३ साली ते स्वतः जपानला गेले आणि तिथल्या जहाज कंपनीशी बोलणे करून स्वतःच्या नावाने जहाजे चालू केली. तेव्हा बड्या इंग्रज कंपनीने भाडे इतके उतरविले की यांना टिकणे अशक्य झाले. व्यापारी स्वस्त भाड्याकडे गेले आणि जहाजे बंद करावी लागली. म्हणजे जमशेटजीही हरत होते, मित्रांनो. पुस्तकात थोर माणसे नेहमी जिंकतात, पण खरे तसे नसते.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. १८८२ साली श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. त्यात लिहिले होते की चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोखंडाचे दगड आहेत. झाले! जमशेटजींच्या मनाने पोलादाचा ध्यास घेतला. त्यांनी नमुने जर्मनीत तपासून घेतले. दगड चांगला होता, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही. त्यात सरकारचे खाणींचे नियम जाचक. काम थांबले. पण त्यांनी ते सोडले नाही, मनात जपून ठेवले.

१८९९ नंतर नियम सैल झाले. जमशेटजी तेव्हा साठीचे होते. १९०२ साली ते अमेरिकेला गेले, पोलादाचे कारखाने पाहिले आणि पेरिन नावाच्या नामी इंजिनिअरला गाठले. पेरिनने आपला सहकारी वेल्ड याला पाठविले. वेल्डसाहेब आणि जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आपल्याच जंगलात बैलगाडीने हिंडले. शेवटी वेल्डचे मत पडले की येथे मोठा कारखाना चालणार नाही. दोराबजी निराश होऊन नागपूरला गेले. तेथील म्युझियममध्ये त्यांना एक नकाशा दिसला. त्यात दुर्ग भागात लोखंडाची खूण होती. शोध पुढे सरकत गेला. १९०४ साली प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाने मयूरभंज संस्थानातील लोखंडाविषयी कळविले आणि अखेर तिकडची जागा ठरली.

पण ते पाहायला जमशेटजी राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील नौहाइम येथे ते वारले. मुलांनी काम पुरे केले. १९०७ साली कंपनी निघाली आणि १९१२ साली साकची येथे पहिले पोलाद तयार झाले. त्याच गावाला १९१९ मध्ये जमशेदपूर हे नाव मिळाले. २००७ साली याच कंपनीने इंग्लंडची कोरस ही भली मोठी पोलाद कंपनी विकत घेतली. ज्यांच्याकडून यंत्रे आणायची, त्यांचेच कारखाने हाती आले!

आपला कारखाना हुकला याचे मला आधी वाईट वाटले. १९८२ साली चांद्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात आज सुरजागडच्या डोंगरातून लोखंडाच्या दगडाचे ट्रक भरभरून जातात. ते पाहिले की मनात येते, दगड तर आपला, पण तो तपासणारा, त्याचा भाव ठरविणारा, जंगल किती राखायचे हे सांगणारा आपल्यातला कोण? आम्ही नुसते धूळच पाहत राहायचे का?

जमशेटजींनी १८९२ साली हुशार मुलांना परदेशी शिकायला मदत करणारा निधी काढला होता. दगडापेक्षा माणूस तयार करणे आधी, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून पालकांनो, एकच विनंती. तेंदूपानाच्या हंगामात आणि धान रोवणीला आम्हाला घरी ठेवू नका, शाळेत पाठवा. आमच्यातून एखादा तरी खनिजाचा जाणकार निघू द्या.

जमशेटजींना माझे वंदन!

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी