व्हिक्टोरिया राणीच्या लेकी

लष्करात वाढलेल्या आपल्या आधीच्या पिढ्यांच्या तोंडी व्हिक्टोरिया हे नाव होतं ते कॉलेजचं आणि महाराज बाड्यावरच्या मार्केटचं. कॉलेजला पुढे महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी याच मातीत पडली. जुनी मंडळी मात्र अजूनही व्हिक्टोरिया कॉलेजच म्हणतात. राज्यकर्ती म्हणून त्या बाईंबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. इथे सांगायचं आहे ते त्यांच्या घरात घडलेलं.

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा. तेव्हा वडील एकावन्न वर्षांचे होते. ती आठ महिन्यांची असतानाच ते गेले. अठराव्या वर्षी गादीवर आली आणि १८४० मध्ये तिने अल्बर्टशी लग्न केलं. हा तिचा सख्खा मामेभाऊ. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, तिने मामाचा मुलगा केला. चार मुलगे, पाच मुली झाल्या.

आठवं अपत्य लिओपोल्ड, १८५३ चा. रांगू लागला तसे अंगावर निळे डाग दिसू लागले. जरा खरचटलं तरी रक्त थांबेना, सांधे सुजून तो आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राही. हा हिमोफिलिया. आई त्याला डोळ्यांआड होऊ देत नसे, आणि तो त्या पहाऱ्याला कंटाळलेला असे. मार्च १८८४ मध्ये फ्रान्समधल्या कान गावी तो घसरून पडला आणि गेला. वय तीस.

नात्यातल्या लग्नाचं हे फळ, असं पुष्कळांना वाटतं. या घराच्या बाबतीत ते चूक आहे. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाप मुलीला एक्स देतो, मुलाला वाय. म्हणजे लिओपोल्डचा एक्स अल्बर्टकडून येऊच शकत नव्हता, तो आईचाच. रक्त गोठवणाऱ्या घटकाची कृती त्या एक्सवर लिहिलेली असते. त्यात चूक असली तर बाईचा दुसरा एक्स सहसा सांभाळून घेतो. पुरुषाकडे दुसरा नसतोच. अशी वाहक आई प्रत्येक मुलाला तो बिघडलेला एक्स देईल की चांगला, हे दर वेळी निम्म्या शक्यतेवर.

राणीच्या आधी घराण्यात हा आजार कुणाला असल्याचं आढळत नाही. चूक तिच्यात किंवा तिच्या वडिलांच्या बीजात नव्याने घडली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. बापाचं वय वाढलं की अशा चुका वाढतात. आपल्या घरांतून मुलगा असा निघाला की पहिलं बोट सुनेकडे जातं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिलं. सुनेला तो एक्स बहुधा तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, कधी तर चूक तिथेच नव्याने घडलेली असते. तिने काही खाल्ल्याने, केल्याने ते होत नाही.

लिओपोल्डच्याच दोन मुलांकडे पाहा. मुलगा चार्ल्स एडवर्ड या आजारातून पूर्ण सुटला, कारण बापाचा एक्स त्याला मिळालाच नाही. मुलगी ॲलिसला तो मिळणं अटळ होतं. तिचा मुलगा रूपर्ट १९२८ मध्ये मोटार अपघातानंतर रक्तस्राव न थांबल्याने गेला. राणीच्या लेकींपैकी दोघी वाहक निघाल्या. थोरल्या ॲलिसचा मुलगा फ्रिट्झ दोन वर्षांचा असताना खिडकीतून पडून गेला, आणि तिची मुलगी रशियाच्या झारला दिली. धाकट्या बीॲट्रिसची मुलगी स्पेनच्या राजाला दिली. तिचे दोन मुलगे १९३४ आणि १९३८ मध्ये मोटार अपघातांनंतर गेले. थोरला मुलगा एडवर्ड मात्र निरोगी होता, म्हणून इंग्लंडच्या गादीवर हा आजार पुढे आला नाही.

रंगांधळेपणाची नेहमीची वाट हीच, फक्त त्यात जिवाला धोका नाही. मामाला लाल-हिरवा फरक कळत नाही, बहिणीला सगळे रंग नीट दिसतात, आणि भाचा रेल्वेच्या डोळे तपासणीत अडकतो. उत्तर युरोपीय वंशात दर बारा पुरुषांमागे एकाला हा दोष असतो, बायकांत फार थोड्या जणींना. मुलगी रंगांधळी व्हायला दोन्ही बाजूंचा एक्स तसा लागतो. मामा रंगांधळा असेल तर त्याची मुलगी वाहक असणारच. ती रंगांधळ्या आतेभावाला दिली, तर त्यांच्या मुलींतही निम्मी शक्यता येते.

व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी गेली. एक्स गुणसूत्राचा हा हिशेब मॉर्गनच्या माश्यांमुळे उलगडायला १९१० उजाडलं. तिचा पणतू, झारचा मुलगा अलेक्सी, १९०४ मध्ये जन्मला आणि १९१८ मध्ये घरच्यांसोबत गोळ्या घालून मारला गेला. झार कुटुंबाच्या अस्थींमधल्या डीएनएवरून २००९ मध्ये कळलं की घराण्यातला हिमोफिलिया ‘बी’ प्रकारचा, नवव्या घटकाचा होता. अलेक्सीच्या एका बहिणीच्या अस्थींतही, एका एक्सवर, तीच चूक सापडली.