हातात वकिलीची डिग्री होती, पण गोदूताईंनी कोर्टाऐवजी तलासरीचे पाडे निवडले

वसई-विरारमध्ये डिग्री हातात आली की पोरापोरींसमोर साधारण दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे सकाळची विरार फास्ट. लटकत अंधेरी, दादर, चर्चगेट गाठायचं आणि मिळेल त्या नोकरीला चिकटायचं. दुसरा रस्ता राजकारणाचा. त्याची सुरुवात बऱ्याचदा बॅनरपासून होते. वरती दादा-भाऊंचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत आपला छोटा फोटो. मग पाच वर्षं वाट बघायची की वॉर्डातून तिकीट मिळतंय का.

पण याच पालघर जिल्ह्यात एका पदवीधर मुलीने तिसरा रस्ता काढला होता. विरार फाट्यावरून मुंबईकडे न वळता हायवेने गुजरातच्या दिशेला गेलं की मनोर लागतं, मग चारोटी, मग तलासरी. ही गोष्ट त्या तलासरीच्या पाड्यांवरची आहे, आणि ती घडवणाऱ्या बाईचं नाव आहे गोदावरी परुळेकर. महाराष्ट्र त्यांना गोदूताई म्हणून ओळखतो.

आज त्यांचं नाव एका कॉलेजच्या पाटीवर दिसतं, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. पण त्यांची सुरुवात कशी झाली, हे फार कमी जणांना माहितीय.

पुण्यातलं सुखवस्तू घर आणि वकिलीची डिग्री

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्यातला. वडील लक्ष्मणराव गोखले नावाजलेले वकील. घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती आणि मुलीला शिकवायची तयारीही होती. त्या काळात मुलींची लग्नं शाळेच्या वयातच उरकली जायची. गोदावरी मात्र फर्ग्युसन कॉलेजात गेल्या. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकल्या आणि त्यानंतर कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आता पुढचं सगळं सोपं होतं. वडील वकील, मुलगी वकील. काळा कोट चढवायचा आणि प्रॅक्टिस सुरू करायची.

पण कॉलेजच्या दिवसांपासूनच त्या स्वातंत्र्य चळवळीत ओढल्या गेल्या होत्या. सत्याग्रहात भाग घेतला म्हणून त्यांना १९३२ मध्ये शिक्षा झाली. वडिलांना हे पटणारं नव्हतं. घर की चळवळ असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा गोदावरींनी घर सोडलं आणि मुंबई गाठली.

पहिलं काम: साक्षरतेचे वर्ग आणि घरकामगारांचा मोर्चा

मुंबईत त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. ही संस्था नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेली. शिकलेल्या तरुणांनी पैशाच्या मागे न लागता, मोजक्या मानधनावर आयुष्यभर देशाचं काम करावं ही त्यामागची कल्पना. गोदावरी या संस्थेच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर वकिलीचं उत्पन्न सोडून त्यांनी फुलटाइम कार्यकर्त्याची नोकरी धरली.

१९३७-३८ मध्ये त्यांनी प्रौढ साक्षरतेची मोहीम हातात घेतली. त्यानंतर वळल्या घरकामगारांकडे. लोकांच्या घरी भांडी घासणारे, स्वयंपाक करणारे, पाणी भरणारे हे लोक. त्यांची ना सुट्टी ठरलेली, ना पगार. हे सगळे वेगवेगळ्या घरांत विखुरलेले, त्यामुळे त्यांची संघटना होऊ शकते असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. गोदावरींनी ती बांधली आणि मुंबईच्या रस्त्यावर हजारो घरकामगारांचा मोर्चा निघाला.

याच संस्थेत शामराव परुळेकर होते. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते रत्नागिरीतून मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. कोकणातल्या खोतीविरुद्ध जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा जो मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, त्यातही ते पुढे होते. १९३९ मध्ये गोदावरी आणि शामराव यांनी लग्न केलं. त्याच वर्षी दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले आणि भारत सेवक समाज सुटला.

पुढे महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यात पुढाकार घेतल्याबद्दल गोदूताईंना अटक झाली. त्या सुटल्या १९४२ मध्ये.

तोवर त्या पस्तिशीच्या झाल्या होत्या. म्हणजे डिग्री घेतल्यापासून साक्षरता, घरकामगार, गिरण्या आणि तुरुंग असा प्रवास झाला होता. ज्या कामाने त्यांची ओळख बनली, ते काम मात्र अजून सुरूच व्हायचं होतं.

विरारच्या पुढे काय चाललं होतं?

तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी वसई, डहाणू, जव्हार, तलासरी हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं. तलासरीचा भाग उंबरगाव तालुक्यात यायचा. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातमध्ये गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली.

या पट्ट्यात वारली आदिवासी राहायचे. एकेकाळी ते स्वतःच्या जमिनी कसायचे. नंतर सावकार, दारूचे मक्तेदार आणि जंगल ठेकेदार आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर जमिनी गेल्या. मालक होता तो कूळ झाला.

हे चक्र कसं चालायचं? पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी घ्यायची, म्हणजे पोटापुरतं उसनं धान्य. पीक आलं की ते वाढीसकट परत करायचं. वर जमिनीचा खंड द्यायचा. हे सगळं देऊन हातात काही उरायचं नाही, म्हणून पुढच्या पावसात पुन्हा खावटी.

याच्या जोडीला वेठ. जमीनदाराचं बोलावणं आलं की स्वतःचं शेत टाकून आधी त्याच्या शेतात राबायचं, तेही फुकट. नाही म्हटलं की मार बसायचा.

सगळ्यात वाईट प्रकार लग्नगड्यांचा. लग्नासाठी एखाद्याने कर्ज काढलं, की ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी जमीनदाराकडे राबायचं. हिशेबाची वही जमीनदाराकडे, त्यामुळे कर्ज फिटायचंच नाही. लग्न म्हणजे आयुष्यभराची गुलामी.

आणि हे चाललं होतं मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर. बॉम्बे-बरोडा रेल्वेच्या गाड्या याच भागातून रोज धावत होत्या.

टिटवाळ्यात एक वारली उभा राहिला

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. परुळेकर दांपत्य त्याच्या तयारीत होतं. उंबरगाव तालुक्यातून मोजके वारलीही तिथे आले होते. त्यांच्यापैकी माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहिला आणि आपल्याकडे वेठ कशी चालते ते त्याने हजारो शेतकऱ्यांसमोर सांगितलं. जमीनदारासमोर मान वर न करणाऱ्या समाजातल्या माणसाने सभेत बोलणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

त्यानंतर गोदूताई या भागात उतरल्या. पुण्याच्या ब्राह्मण घरात वाढलेली, कायदा शिकलेली बाई पाड्यापाड्यांवर पायी फिरायला लागली. रात्री झोपडीत मुक्काम, घरात शिजेल ते जेवण. लोक आधी घाबरायचे. शहरातून आलेला माणूस म्हणजे एक तर सरकारी, नाहीतर सावकाराचा, एवढाच त्यांचा अनुभव. गोदूताईंनी आधी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. कुणावर किती कर्ज, कुणाची किती वेठ, कुणाला कुठे मारलं, हे समजून घेतलं.

झरीची सभा: चार साधे ठराव

२३ मे १९४५ ला झरी गावात सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव अगदी साधे होते. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबायचं तर दिवसाला १२ आणे रोख घेतल्याशिवाय नाही. कुणी मारलं तर गप्प बसायचं नाही. आणि सगळ्यांनी एकीने राहायचं.

यात क्रांतीची भारी भाषा नव्हती. पण प्रत्येक माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे कळलं होतं.

सभा संपली आणि लाल बावट्याची बातमी पाड्यापाड्यांवर पोचली. जमीनदाराचं बोलावणं आलं तरी लोक जाईनात. बघता बघता उंबरगाव आणि मग डहाणू तालुक्यातली वेठ मोडली. वारली गटागटाने जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि त्यांनी लग्नगड्यांना सोडवून आणलं. कित्येक वर्षांची गुलामी काही आठवड्यांत सुटली.

गोदूताईंना लोक आपल्या घरातलंच माणूस मानायला लागले. काही जण त्यांना गोदाराणी म्हणायचे.

१० ऑक्टोबर १९४५, तलवाडा

पावसाळा संपला की या भागात गवत कापणीचा हंगाम असतो. वारल्यांनी मागणी केली, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी. ती मिळेना म्हणून संप झाला. गवत उभंच राहिलं आणि व्यापारी, जमीनदार हादरले.

अशात एक अफवा पसरली. तलवाड्याला सभा आहे, गोदूताई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे. ही अफवा जमीनदारांच्या माणसांनी मुद्दाम पसरवली, असं किसान सभेचं म्हणणं होतं. आपल्या बाईला वाचवायला हजारो आदिवासी काठ्या घेऊन तलवाड्याला जमले. गोदूताई तिथे नव्हत्याच.

पोलीस आले आणि जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी ठार झाले. कितीतरी जखमी झाले.

माणसं गोदूताईंच्या नावावर जमली होती आणि त्यातली पाच परत गेली नाहीत. कुठल्याही कार्यकर्त्याला मोडून टाकेल अशी ही गोष्ट. त्यात सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्यात यायलाच बंदी केली. जमीनदारांना वाटलं, आता बाई नाही म्हणजे संपही नाही.

पण संप मोडला नाही. गोदूताई जिल्ह्याबाहेर असताना वारल्यांनी तो स्वतः चालवला आणि मजुरी वाढवून घेतली. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, जंगलात लाकूडतोड करणाऱ्यांनी दिवसाला सव्वा रुपया मागत संप केला. त्यातही ठेकेदारांना नमावं लागलं.

नेता नसताना लोक उभे राहतात की नाही, हीच संघटनेची खरी परीक्षा. ती वारल्यांनी दीड वर्षात पास केली होती. तलवाड्याच्या हुतात्म्यांची आठवण आजही दर १० ऑक्टोबरला काढली जाते.

आंदोलनानंतर काय?

स्वातंत्र्यानंतरही गोदूताईंचा तुरुंग सुटला नाही. वेगवेगळ्या काळात मिळून त्यांच्या आयुष्यातली आठ वर्षं गजाआड गेली. त्यावर त्यांनी ‘बंदीवासाची आठ वर्षे’ हे पुस्तक लिहिलं. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला, तेव्हा दोघं मार्क्सवादी पक्षाबरोबर राहिले. १९६५ मध्ये शामराव स्थानबद्धतेत असतानाच गेले. गोदूताईही तेव्हा कैदेतच होत्या.

१९७० मध्ये वारल्यांच्या लढ्यावरचं त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आलं. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, या पदावरच्या पहिल्या महिला. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामाचा हिशेब पुरस्कारांत नाही, तलासरीत मिळतो. याच भागातले आदिवासी कार्यकर्ते लहानू कोम १९७७ मध्ये डहाणू मतदारसंघातून खासदार झाले. जिथल्या माणसाला जमीनदारासमोर बोलायची सोय नव्हती, तिथला माणूस बत्तीस वर्षांत दिल्लीच्या लोकसभेत बसला. डहाणू विधानसभा मतदारसंघातून २०१९ आणि २०२४ मध्ये लाल बावट्याचाच आमदार निवडून आला. आणि तलासरीत आज गोदावरी-शामराव परुळेकरांच्या नावाचं कॉलेज आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा अंगठा घेऊन जमिनी गेल्या, त्यांची नातवंडं तिथून डिग्री घेऊन बाहेर पडतात.

डिग्रीनंतर गोदूताईंनाही आपलं काम लगेच सापडलं नव्हतं. घर सुटलं, संस्था सुटली, मुंबई सुटली. खरं काम मिळालं तेव्हा वय होतं सदतीस. पण मिळालं तेव्हा त्यांनी बॅनरवर आपला फोटो लावला नाही. आधी पाड्यावर जाऊन लोकांचं ऐकलं, आणि त्यांना नाही म्हणायला शिकवलं ते १२ आण्यांच्या मजुरीपासून.