कापरेकर सर आणि प्रोग्रामिंगचा पहिला धडा

मुलाला प्रोग्रामिंग शिकवायचं म्हटलं की आपण आधी लॅपटॉपची किंमत आणि क्लासची फी विचारतो. त्याआधी आपल्या नाशिकच्या देवळालीत राहिलेल्या एका शाळामास्तरांची गोष्ट वाचा.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाची आवड. त्या आकडेमोडीतून मुलाला संख्यांची गोडी लागली. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ही बत्तीस वर्षं त्यांनी देवळालीत शिकवलं.

पदवीपुढचं शिक्षण नाही, संगणक तर नाहीच. हाताशी कागद-पेन्सिल. एखादा नियम घ्यायचा, तोच पुन्हा पुन्हा लावायचा आणि काय होतं ते बघायचं, ही त्यांची रीत. बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला, पण सरांनी तो सोडला नाही. त्यातूनच १९४९ च्या सुमारास ६१७४ ही संख्या पुढे आली.

तुम्हीही करून बघा. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा. उत्तरावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतेच, आणि पुढे तीच येत राहते.

आता नीट बघा. संख्या लिहून ठेवायची जागा म्हणजे व्हेरिएबल. पुन्हा तेच करणं म्हणजे लूप. ६१७४ आली का, आली तर थांब, ही झाली कंडिशन. प्रोग्रामिंगचा पाया एवढाच आहे.

म्हणून सुरुवात वहीतच करा. मुलाने या पायऱ्या मराठीत लिहाव्यात. शेजारच्या मुलाने स्वतःचं डोकं न लावता त्या जशाच्या तशा पाळाव्यात. तो जिथे अडेल, तिथली पायरी सुधारायची. चूक शोधणं हाही प्रोग्रामिंगचाच भाग. हे जमलं की मग पायथॉन. ही भाषा फुकट मिळते आणि हा प्रोग्राम दहा-पंधरा ओळींत बसतो.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून सरांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगाला त्यांचं नाव कळलं. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले. आज जगभरची मुलं त्यांचा नियम संगणकावर चालवून बघतात. आपल्या नाशिकच्या मुलांना तो वहीवर तरी माहीत असायला हवा, नाही का?