वेळेचे धनी महर्षी कर्वे

आपण सगळेच म्हणतो की वेळ मिळाला नाही. पाढे पाठ झाले नाहीत, वेळ मिळाला नाही. गृहपाठ राहिला, वेळ मिळाला नाही. पण दिवसाचे तास सगळ्यांना चोवीसच असतात. राजाला पंचवीस नाहीत आणि गरिबाला तेवीस नाहीत. मग काही माणसांच्या हातून एवढी मोठी कामं होतात तरी कशी? त्यासाठी मी आज महर्षी कर्वे यांची माहिती सांगते.

महर्षी कर्वे यांचे पूर्ण नाव धोंडो केशव कर्वे. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या गावी, म्हणजे आजोळी झाला. त्यांचे घर मुरुडला होते. हे मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ समुद्रकाठी आहे. घरची गरिबी होती. गावात पुढची शाळा नव्हती.

१८७५ साली त्यांना सहावीच्या परीक्षेला साताऱ्याला जायचे होते. तेव्हा एस. टी. नव्हती. अण्णा सोबत्यांबरोबर पायी निघाले. डोंगर, घाट, जंगल ओलांडत शंभर मैलांहून जास्त चालले आणि साताऱ्याला वेळेवर पोहोचले. पण काय झालं बघा. अण्णा अंगाने लहानखुरे होते. तिथल्या साहेबांना वाटलं, हा मुलगा सतरा वर्षांचा नाहीच. त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढं चालून हात हलवत परत यावं लागलं. दुसरा कोणी असता तर शाळाच सोडून दिली असती. अण्णा पुढच्या वर्षी कोल्हापूरला गेले आणि तीच परीक्षा पास झाले.

मॅट्रिक झाले तेव्हा ते २३ वर्षांचे होते. बाकीची मुलं त्याच्या कितीतरी आधी मॅट्रिक होत. पण उशीर झाला म्हणून ते रडत बसले नाहीत. मुंबईला जाऊन १८८४ साली ते बी. ए. झाले. शिकता शिकताच ते दुसऱ्या मुलांच्या शिकवण्या घेत आणि त्या पैशावर राहत. पुढेही मुंबईत ते शाळेत शिकवत आणि शाळेच्या आधी व नंतर शिकवण्या करत.

१८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. त्याच साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. त्या काळी लहानपणीच मुलींची लग्नं होत आणि नवरा वारला तर मुलीचे फार हाल होत. तिचे केस कापून टाकत. तिला चांगलं लुगडं नाही, सणवार नाही, शाळा तर नाहीच. तिने दिवसभर घरातली कामं करायची आणि बोलणी खायची. अण्णांना याचं फार वाईट वाटे. म्हणून १८९३ साली त्यांनी गोदूबाई नावाच्या विधवा बाईंशी लग्न केले. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. या लग्नामुळे मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरी अण्णा कोणाशी भांडत बसले नाहीत. भांडणात वेळ घालवण्यापेक्षा त्यांनी आपलं काम धरलं.

१८९६ साली त्यांनी विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. त्या वेळी हिंगणं म्हणजे नुसतं माळरान. तिथे एक झोपडी बांधली. पुण्यापासून हिंगणं चार मैल लांब होतं. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखलच चिखल.

आता त्यांचा दिवस कसा होता ते ऐका. दिवसा ते कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज सुटलं की खांद्यावर आश्रमाचं सामान घेऊन चालत हिंगण्याला जात. तिथे मुलींना शिकवत, आश्रमाचं काम बघत आणि रात्री तिथेच राहत. सकाळी परत चालत पुण्याला येत आणि कॉलेजला वेळेवर हजर होत.

मी याचा हिशेब केला. जाताना चार मैल, येताना चार मैल, म्हणजे रोज आठ मैल. आठ मैल म्हणजे जवळजवळ १३ किलोमीटर. आपल्या निगडीच्या चौकातून निघून पिंपरीच्याही पुढे चालत जायचं आणि पुन्हा चालत निगडीला यायचं, एवढं ते अंतर झालं. माणूस तासाला तीन मैल चालतो असं धरलं तर त्यात रोज दोन तास चाळीस मिनिटं जातात. एवढा वेळ चालण्यातच जाई, तरी त्यांनी मुलींना शिकवणं सोडलं नाही.

आपल्या भागात कारखाने खूप आहेत. कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी असते. पाळीला उशीर झाला तर पगार कापतात, म्हणून सगळे वेळेवर जातात. अण्णांची कॉलेजची नोकरी ही अशी एक पाळी होती. पण हिंगण्याची दुसरी पाळी त्यांनी स्वतःहूनच लावून घेतली होती. तिथे उशीर झाला तर पगार कापणारा कोणी नव्हता. फक्त झोपडीतल्या मुली त्यांची वाट बघत असत. कोणी बघायला नसताना जो वेळ पाळतो तोच खरा वेळ पाळणारा, असं मला वाटतं.

कॉलेजला सुट्टी लागली की अण्णा गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करत. कोणी थोडे पैसे दिले तरी घेत. पैशाचा हिशेब चोख ठेवत.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. अण्णा हिंगण्याला असत तेव्हा पुण्याच्या घरी लहान मुलं होती. त्यांना बाया कर्वे सांभाळत. घर चालवायचं, कमी पैशात भागवायचं, हे सगळं त्यांनी केलं. अण्णांचा जो वेळ आश्रमाला मिळाला, त्यातला पुष्कळसा बाया कर्वे यांनी दिलेला होता. म्हणून अण्णांना नमस्कार करताना त्यांनाही केला पाहिजे.

१९१४ साली अण्णांनी कॉलेजची नोकरी सोडली. लोक त्यानंतर आराम करतात. अण्णांनी १९१६ साली महिलांसाठी विद्यापीठ काढले. भारतातले महिलांचे ते पहिलेच विद्यापीठ. ७१ व्या वर्षी ते परदेशात गेले आणि तिथल्या लोकांना आपल्या कामाची माहिती दिली. ज्या खेड्यांत शाळा नव्हती तिथे शाळा निघाव्यात म्हणून त्यांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. तेव्हा त्यांचं वय ७८ होतं! १९५८ साली, वयाला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले. ते १०४ वर्षं जगले. ज्या माळावर झोपडी होती तिथे आता मुलींच्या मोठमोठ्या शाळा आणि कॉलेजं आहेत. त्या भागाला कर्वेनगर म्हणतात.

मित्रांनो, आपण यातून काय शिकायचं? अण्णा रोज आठ मैल चालले ते मुलींना अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून. पण अजूनही पुष्कळ घरांत काय दिसतं? शाळा सुटली की भाऊ खेळायला जातो. बहीण पाणी भरते, भांडी घासते, धाकट्याला सांभाळते. मग रात्री पुस्तक उघडलं की तिला झोप येते. दुसऱ्या दिवशी तीही म्हणते, वेळ मिळाला नाही. ती आळशी नसते. तिचा वेळ कामात गेलेला असतो. भावाने भांडी विसळली आणि बहिणीने पाणी भरलं, तर दोघांचंही काम लवकर उरकेल. मग दोघं खेळतीलही आणि दोघं अभ्यासही करतील.

वेळेचं वेळापत्रक करताना फक्त आपलंच करू नये. घरातल्या सगळ्यांचं करावं. अण्णांनी आपला वेळ दुसऱ्यांना दिला म्हणून आज आम्ही मुली बाकावर बसून हे लिहितो आहोत.

अशा या थोर महर्षींना आणि बाया कर्वे यांना माझा नमस्कार.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, निगडी